मोबाईलवरच्या नोंदीचा फोटो मेलमध्ये का दिसत नाही?



ऊस नोंद, रोग-किडीची तक्रार आणि जळीत उसाची खबर हे तिन्ही अर्ज मोबाईलवरच्या फॉर्ममधून देण्याची सोय आपल्याकडे आहे. फॉर्म भरून ‘सबमिट’ दाबले की गट ऑफिसला, शेतकी ऑफिसला आणि ज्यांनी आपला पत्ता दिला आहे त्या सभासदाला आपोआप ई-मेल जातो. त्या मेलबरोबर शेतातला फोटोही जावा अशी योजना आहे. बहुतेक वेळा तो जातो. पण कधी मेल येतो आणि फोटोच्या जागी नुसता कोरा चौकोन दिसतो. कधी फोटोचे नाव दिसते, उघडत मात्र नाही. कधी मेलच परत फिरतो. मग सभासद म्हणतात, “आम्ही तर फोटो पाठवला होता,” आणि गट ऑफिस म्हणते, “आमच्याकडं आलाच नाही.” दोघेही खरे बोलत असतात. मधल्या वाटेवर काय होते ते दोघांनाही दिसत नाही, एवढीच अडचण आहे. ती वाट समजली तर निम्म्या तक्रारी जागच्या जागी मिटतील, म्हणून हा लेखनप्रपंच.

फोटो कशासाठी?

कोणी म्हणेल, इतकी वर्षे फोटोवाचून नोंदी झाल्याच की! झाल्या, हे खरे. पण लागणीच्या तारखेवर तोडणीचा क्रम ठरतो आणि तारखेचा वाद हा गटातला नेहमीचा वाद आहे. लागण झाली त्याच आठवड्यात काढलेला, तारीख-वेळ असलेला फोटो नोंदीला जोडलेला असला तर पुढे दहा-बारा महिन्यांनी तोंडी साक्षी गोळा करीत बसावे लागत नाही. किडीचे तसेच. “पानं पिवळी पडल्यात” एवढ्या शब्दांवरून हुमणी आहे, पाण्याचा ताण आहे की लोह कमी पडले आहे हे ऑफिसात बसून कुणालाच सांगता येणार नाही. फोटो पाहिला तर निदान कोणाला किती तातडीने शेतावर पाठवायचे ते ठरविता येते.

येथे एक खुलासा. राज्य शासनाची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली आणि तिच्यात शेतकरी स्वतः मोबाईलने पिकाचा फोटो काढतो, हे आपणांस माहीत आहे. ती नोंद सातबाऱ्यासाठी असते. कारखान्याची ऊस नोंद निराळी. एक केली म्हणजे दुसरी झाली असे कृपया समजू नये.

फोटो चालतो ती वाट

आपण फोटो काढता तेव्हा तो आधी आपल्याच मोबाईलमध्ये राहतो. फॉर्म ‘सबमिट’ केल्यावर दोन माल निघतात. एक शब्दांचा: नाव, सभासद क्रमांक, गट नंबर, जात, तारीख. हा माल अगदी हलका. दुसरा फोटोचा, तो जड. शब्द सायकलवरून जातात आणि फोटो बैलगाडीतून, असे समजा. रेंज चांगली असली तर दोन्ही बरोबरच पोहोचतात. रेंज कमी असली तर सायकल पुढे निघून जाते, गाडी ओढ्यात अडकते.

दोन्ही माल फॉर्मच्या गोदामात, म्हणजे सर्व्हरवर उतरतात. तेथे एक यांत्रिक कारकून बसलेला आहे. अर्ज आला की ठरलेल्या नमुन्यात मेल लिहायचा आणि ठरलेल्या पत्त्यांवर धाडायचा, एवढेच त्याचे काम. त्याला डोके नाही. शब्द आले आणि फोटो अजून वाटेत आहे, तरी तो तसाच मेल सोडून देतो. कोऱ्या चौकोनाचे हे पहिले कारण. म्हणून कारकुनाला आधीच सांगून ठेवावे लागते की जोडलेले सगळे फोटो उतरल्याशिवाय मेल सोडू नकोस. मेलमध्ये “३ पैकी ३ फोटो आले” अशी ओळ असते ती याचसाठी. “३ पैकी १” दिसले की गट ऑफिसने समजून घ्यायचे, बाकीचे वाटेत आहेत.

फोटो बसविण्याचे तीन प्रकार

मेलमध्ये फोटो तीन तऱ्हांनी जातो. आपल्या पोस्टाच्या पाकिटावरून हे चांगले समजेल.

पहिला प्रकार, पाकिटात फोटो घालणे. यालाच अटॅचमेंट म्हणतात. फोटो पत्राबरोबरच येतो, मेल उतरवून घेतला की पुढे रेंज नसतानाही उघडतो आणि कायम राहतो. दोष एकच, पाकीट जड होते.

दुसरा प्रकार, पत्राच्या कागदावरच फोटो चिकटविणे. मेल उघडला की मजकुराच्या मध्येच चित्र दिसते, वेगळे काही दाबावे लागत नाही. गट ऑफिसात सकाळी पन्नास मेल बघणाऱ्याला हे फार सोयीचे. मात्र चिकटविण्याची पद्धत बरोबर हवी. फोटो पाकिटातच ठेवून त्याला खूण द्यायची आणि मजकुरात त्या खुणेचा उल्लेख करायचा, ही रीत बहुतेक ठिकाणी चालते. फोटोची सगळी अक्षरे थेट मजकुरातच ओतली तर जीमेल ते चित्र दाखवीत नाही. पाठविणाऱ्याच्या पडद्यावर चित्र दिसते आणि घेणाऱ्याला दिसत नाही, तेव्हा हे कारण तपासावे.

तिसरा प्रकार, फोटो गोदामातच ठेवून पत्रात गोदामाचा पत्ता लिहिणे. यालाच लिंक म्हणतात. पाकीट अगदी हलके राहते. पण पत्ता मिळाला म्हणजे गोदामाची किल्ली मिळाली असे नव्हे! गूगल फॉर्मचे उदाहरण घ्या. त्यात फाईल जोडायची तर अर्जदाराला आधी गूगल खात्यात प्रवेश करावा लागतो आणि फोटो फॉर्मच्या मालकाच्या ड्राइव्हमध्ये जाऊन पडतो. मेलमध्ये आलेली लिंक गट ऑफिसने दाबली आणि त्या खात्याला परवानगी नसली, तर फोटोऐवजी परवानगी मागण्याचे पान उघडते. फोटो शाबूत असतो, दार बंद असते. अशा वेळी सभासदाला पुन्हा फोटो काढायला लावणे व्यर्थ आहे. परवानगी द्यावी, काम झाले.

कोणी सुचवील की मग दार सगळ्यांनाच उघडे ठेवावे. ते आम्हांस मान्य नाही. नोंदीच्या मेलमध्ये सभासदाचे नाव, गट नंबर, फोन नंबर आणि शेताचे नेमके ठिकाण असते. फोटोत घरची माणसे येतात, वस्तीही येते. उघडी लिंक एकदा कुठल्या ग्रुपवर गेली की ती कोणाकोणाकडे पोहोचेल याचा पत्ता लागत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली केंद्राने कायदाही केला आहे. पण कायदा नसता तरी एकाच्या शेताची माहिती गावभर करणे बरे नव्हे.

वजनाचा हिशोब

काट्यावर गाडी चढविल्याशिवाय आपला विश्वास बसत नाही, म्हणून आकडेच मांडतो.

ई-मेल मुळात नुसत्या अक्षरांसाठी निघाला. चित्र, आवाज त्यातून धाडण्याची सर्वमान्य रीत १९९२ साली ठरली, तिला ‘माईम’ म्हणतात. ती तयार करणाऱ्यांपैकी अमेरिकेतील नॅथॅनियल बोरेनस्टीन यांनी ११ मार्च १९९२ रोजी आपल्या गाण्याच्या चौकडीचा फोटो व गाणे मेलला जोडून पाठविले होते. या रीतीत फोटोची अक्षरे बनवून ती पाकिटात भरतात. तसे करताना तीन पोत्यांचा माल चार पोत्यांत भरावा लागतो, म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढते.

आता समजा, एका फोटोचे वजन ४ एमबी आहे. आजच्या मोबाईलला हे काही जास्त नव्हे. नोंदीला तीन फोटो, म्हणजे १२ एमबी. पाकिटात भरल्यावर १६ एमबी. लागणीच्या भरात एका दिवसात १५० नोंदी आल्या तर २,४०० एमबी, म्हणजे जवळजवळ २.४ जीबी. गूगलच्या फुकट खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळे मिळून १५ जीबी जागा मिळते. ती सातव्या दिवशी भरेल. पेटी भरली की नवा मेल आत येत नाही, परत फिरतो. त्या दिवशी ज्याचा ऊस जळाला त्याची खबरही परत फिरेल! नोंदीच्या जड फोटोंनी दुसऱ्याच सभासदाची वाट अडते, ती अशी.

तेच फोटो फॉर्मनेच लहान करून घेतले, लांब बाजू १,६०० ठिपक्यांची ठेवली आणि एकेक फोटो समजा ३०० केबीचा झाला, तर तीन फोटो ०.९ एमबी, पाकिटात १.२ एमबी, दिवसाच्या १५० नोंदी १८० एमबी. तीच पेटी ८३ दिवस पुरते. आणि उसाची सरी, कांडी, पानावरचे ठिपके एवढ्या आकारात व्यवस्थित दिसतात. भिंतीवर लावायला आपण फोटो मागत नाही.

आणखी दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. जीमेलमधून पाठवायच्या मेलला २५ एमबीची हद्द आहे. चार एमबीचे सात फोटो जोडले की २८ एमबी होतात आणि मेल निघतच नाही. दुसरे असे की, गूगलच्या फुकट खात्यातून असे आपोआप मेल दिवसाला फक्त १०० पत्त्यांवर जातात. एकेक अर्जाचा मेल तीन ठिकाणी जायचा असेल तर ३३ अर्जांतच ९९ पत्ते संपतात आणि चौतिसावा अर्ज अडतो. ज्या सोसायट्या, पाणीवाटप संस्था स्वतःचा असा फॉर्म करू पाहतात त्यांनी हा हिशोब आधी करावा. संस्थेचे सशुल्क खाते घेतले तर ही हद्द दिवसाला १,५०० पत्त्यांपर्यंत जाते.

म्हणून आमच्या मते चांगली रीत अशी: मेलच्या मजकुरात वरती सगळी माहिती शब्दांत, त्याखाली ओळखीपुरते लहान चित्र चिकटविलेले, आणि मोठा फोटो गोदामात, ज्याची किल्ली फक्त गट व शेतकी ऑफिसकडे. चित्र दिसले नाही तरी शब्दांवर काम सुरू झाले पाहिजे, हे यातले मुख्य सूत्र आहे.

फोटो आला, पण उपयोगी नाही

मोबाईलचा फोटो आपल्या पोटात काढल्याची तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही साठवून ठेवतो. नोंदीच्या दृष्टीने चित्राइतकेच हे मोलाचे. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठविला की त्याचा आकार दाबला जातो आणि ही पोटातली माहिती गळून पडते. पुतण्याने व्हॉट्सॲपवर धाडलेला फोटो काकांनी फॉर्मला जोडला तर चित्र येते; कधीचे आणि कुठले ते समजत नाही. म्हणून फोटो फॉर्ममधूनच, शेतात उभे राहून काढावा. नाइलाज असेल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, त्यात मूळ फाईल तशीच राहते.

ठिकाणाबद्दलही थोडे. मोकळ्या आभाळाखाली मोबाईलचे ठिकाण साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर येते. उंच उसात किंवा झाडाखाली चूक वाढते. पाच मीटर म्हणजे सोळा फूट. बांधावर उभे राहून फोटो काढला तर नकाशावरची खूण शेजाऱ्याच्या गटात पडू शकते, आणि मग नको तो वाद उभा राहतो. तेव्हा बांधापासून आत यावे, पण डोक्यावर आभाळ मोकळे असावे. रेंज नसली तरी ठिकाण मिळते, कारण ते उपग्रहावरून येते. फक्त थोडा वेळ थांबावे लागते.

आयफोन वापरणाऱ्या तरुण सभासदांसाठी सूचना. २०१७ पासून या फोनमध्ये फोटो निराळ्या नमुन्यात साठतो आणि ऑफिसच्या जुन्या संगणकावर तो उघडत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावे, म्हणजे नेहमीच्या नमुन्यात फोटो निघेल.

कोणत्या कामाला कोणता फोटो

लागणीच्या नोंदीसाठी दोन फोटो पुरेत. एक शेताच्या कोपऱ्यातून, सऱ्या लांबवर दिसतील असा. दुसरा जवळून, बेणे किंवा उगवलेले फुटवे दिसतील असा. सूर्य पाठीशी ठेवावा.

रोग-किडीसाठी एक फोटो पूर्ण बेटाचा आणि एक दुखणे असेल तेथला. लोकरी मावा पानाच्या खालच्या बाजूला असतो. वरून कितीही फोटो काढा, दिसायचा नाही. पान उलटून काढावा. हुमणीसाठी बेट उपटून मुळाशी उकरावे, अळी पांढऱ्या कागदावर ठेवून शेजारी नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो. काणीचा पट्टा दिसला तर फोटोसाठी तो हलवू नये, त्यातली काळी भुकटी वाऱ्याने पसरते. जागेवरच फोटो काढावा, मग पट्टा पिशवीत झाकून कापावा आणि बेट मुळासकट काढून नष्ट करावे.

जळीत उसाची खबर

येथे मात्र घड्याळ चालू असते. जळालेल्या उसाचे वजन तासागणिक घटते. कांडीवरचे मेणाचे आवरण गेलेले असते, साल तडकलेली असते, आत जंतू शिरतात आणि साखर मोडू लागते. शक्यतो २४ ते ४८ तासांत ऊस गव्हाणीत पडावा असा प्रयत्न असतो. त्यात फोटोची वाट बघण्यात चार तास गेले तर नुकसान सभासदाचे आणि उताऱ्याच्या रूपाने सगळ्यांचेच.

म्हणून जळीताच्या फॉर्मला नियम उलटा. येथे यांत्रिक कारकुनाने फोटोसाठी थांबायचे नाही. शब्द आले की पहिला मेल ताबडतोब, विषयाच्या ओळीत ‘जळीत’ हा शब्द सुरुवातीला. फोटो उतरले की दुसरा मेल. गट ऑफिसने पहिल्या मेलवरच टोळीची आणि वाहनाची जुळवाजुळव सुरू करायची. आणि सभासदांनी? आधी आग आटोक्यात आणावी, माणसे-जनावरे सुरक्षित करावीत, गट ऑफिसला फोन करावा, मग फॉर्म आणि फोटो. जळत्या फडासमोर मोबाईल धरून कोणी उभे राहू नये. फोटो विझल्यावर काढला तरी चालतो. एक संपूर्ण फडाचा, एक शेजारच्या न जळलेल्या भागासह, म्हणजे किती क्षेत्र गेले त्याचा अंदाज येतो.

पाठविल्यावर काय बघावे

फॉर्म भरला तेव्हा रेंज नसेल तर तो मोबाईलमध्येच ‘पाठवणे बाकी’ या यादीत पडून राहतो. पुष्कळ तक्रारींचे मूळ येथे सापडते. सभासदाला वाटते गेला, प्रत्यक्षात तो खिशातच असतो. रस्त्याला आल्यावर फॉर्म पुन्हा उघडून यादी रिकामी झाली की नाही ते पाहावे. गेला असेल तर अर्ज क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवावा. फोटो नाही म्हणून ऑफिसने विचारले तर सारा अर्ज पुन्हा भरू नये, एकाच उसाच्या दोन नोंदी होतात. तोच क्रमांक सांगून फक्त फोटो जोडावा. मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नयेत, निदान ऊस तुटेपर्यंत.

ज्यांच्याकडे असा मोबाईल नाही, किंवा ज्या आजी-आजोबांना हे जमत नाही, त्यांनी संकोच करू नये. गट ऑफिसात किंवा स्लिपबॉयकडे सांगावे. तो शेतावर येऊन फॉर्म भरील आणि अर्ज क्रमांक कागदावर लिहून देईल. फोटो नाही म्हणून कोणाची नोंद मागे राहता कामा नये. फोटो हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. क्षेत्र मोजायचे ते शेतावर जाऊनच, जळिताचा पंचनामा व्हायचा तो फडात उभे राहूनच. फोटोने एवढेच व्हावे की आमचा माणूस योग्य शेतावर, योग्य दिवशी, तयारीनिशी पोहोचावा.

गटातील बैठकीत हा लेख मोठ्याने वाचून दाखवावा आणि ज्यांच्या फॉर्ममध्ये अडचण येते त्यांनी मोबाईल घेऊनच गट ऑफिसात यावे, ही विनंती.



ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग